चार स्क्रूंची पेटी

पाल हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खात्रीचं गिऱ्हाईक. देऊळगाव राजात मी छत्तीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं. त्या काळात रेडिओ आले आणि गेले, टीव्हीची पोटं आत जाऊन ते भिंतीला चिकटले, टेपरेकॉर्डर कुठे गेले कोणालाच कळलं नाही. पाल मात्र तीच राहिली. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं धूड काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "मिस्तरी, काल चालू होती." सगळेच असं म्हणतात. परवापासून बंद पडलेली वस्तू माझ्याकडे आजवर एकही आलेली नाही.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विहिरीवर मोटर असते आणि ती चालू-बंद करणारी एक पेटी असते, तिला स्टार्टर म्हणतात. आत तांब्याच्या पट्ट्या असतात. त्या एकमेकींना टेकल्या की मोटर फिरते. पेटीत ऊब असते, म्हणून पाल वायरच्या भोकातून आत शिरते आणि नेमकी दोन पट्ट्यांच्या मधे जाऊन बसते. शेतकरी बटण दाबतो. पाल मरते, पट्ट्या नीट टेकत नाहीत, मोटर नुसती घुमते आणि थोड्या वेळात जळते. पालीनंतर नंबर मुंग्यांचा.

यावरचा इलाज आमच्या भागात प्रत्येक घरी कपाटात असतो, तो म्हणजे डांबर गोळी. साड्यांत ठेवतात तीच. पेटीत दोन गोळ्या टाका, पाल, मुंगी वासानंच लांब राहते. हा इलाज मी शोधलेला नाही, पण फैलावला मीच. माझ्याकडे एक रबरी शिक्का होता आणि प्रत्येक बिलावर मी तो उमटवायचो : 'पेटीत डांबर गोळी ठेवावी.' गिऱ्हाईक फुकटचा सल्ला मिळाला म्हणून खूश आणि मी दिला म्हणून खूश. एका गृहस्थांनी तर खंडेनवमीला पेटीची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं आणि नारळाचं पाणी थेट आत शिंपडलं. पेटी घेऊन आले तेव्हा म्हणाले, "गोळ्या तर ठेवल्या होत्या ना मी." त्या दिवसापासून शिक्क्यात 'पाणी शिंपडू नये' हेही घालावं असं मनात होतं, पण शिक्क्यात जागा नव्हती.

पुढे मोबाईलवर चालणाऱ्या पेट्या आल्या. लाईन कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून पेटीतच सिम घातलेलं. घरून फोन लावायचा, पेटी आतून बोलते, "मोटर चालू आहे." फार सोयीची वस्तू. कित्येक माणसं सासुरवाडीला जेवढे फोन करत नसतील तेवढे मोटरीला करतात. पण या पेट्या बनवणाऱ्यांनी एक चावटपणा केला. आतल्या सर्किटवर काळं रसायन ओतलं, जे वाळलं की दगड होतं. ओल शिरू नये म्हणून, असं ते सांगायचे. खरं म्हणजे कोणी नक्कल करू नये आणि कोणी दुरुस्तही करू नये. आत चिमणीच्या डोळ्याएवढा एक भाग गेला तरी अख्खी पेटी फेका आणि नवी आणा.

मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, माणसाला राग आला की तो आपल्या पोटासाठी येतो आणि नाव तो दुनियेचं सांगतो. माझंही तेच. पण नुसतं पोट नव्हतं. हातात वस्तू घ्यायची, कानाशी नेऊन हलवून बघायची आणि परत द्यायची, "हिला काही होत नाही" म्हणून, हे मला डॉक्टरनं नाडी न बघता हात वर करण्यासारखं वाटायचं. दुकानामागच्या पत्र्याखाली अशा मेलेल्या पेट्यांचा ढीग झाला. त्याच्याच शेजारी जुन्या टीव्हींच्या काळ्या पाठी होत्या, वर्षानुवर्षांच्या. आमची मंडळी त्या ढिगाला 'तुमची दुसरी बायको' म्हणायची.

त्या दुसऱ्या बायकोला बघायला एक दिवस प्रियंका मॅडम आल्या. जालन्याच्या एका कारखान्यात या पेट्या तयार व्हायच्या. तिथे त्या इंजिनिअर होत्या, वय तिशीच्या आसपास. दुकानात येऊन म्हणाल्या, "काका, तुमच्याकडचा कचरा बघायचा होता."

"कचरा नाही, माल आहे," मी म्हणालो.

"मग माल दाखवा."

दोन तास त्या पत्र्याखाली उकिडव्या बसल्या होत्या. एकेक पेटी उलटीसुलटी करून विचारायच्या, ही कशानं गेली, ही कुठल्या गावची, हिचा मालक काय म्हणाला. बंद पडलेल्या मालाबद्दल कारखान्यातलं माणूस चौकशी करतंय हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मग त्यांनी आपला बेत सांगितला. त्यांना अशी पेटी करायची होती जी फेकावी लागणार नाही. काळं रसायन नाही, सर्किट तीन तुकड्यांत, जो तुकडा जाईल तेवढाच बदलायचा. आणि बाहेरचा डबा नव्या प्लास्टिकचा नाही, तर जुन्या टीव्हीच्या पाठी दळून, वितळवून केलेला. ते प्लास्टिक लवकर पेटत नाही, म्हणून ते विजेच्या पेटीला चांगलं. याला पर्यावरणपूरक डिझाइन म्हणतात असं त्या म्हणाल्या. डिझाइन हा शब्द मी तोवर साडीच्या दुकानात ऐकला होता.

"तुम्ही फक्त सांगा, अजून काय चुकू शकतं," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, "स्क्रू."

माझं स्क्रूबद्दल एक म्हणणं आहे. कोणतीही वस्तू चार स्क्रूंची बनते आणि तीन स्क्रूंवर जगते. पहिल्यांदा उघडली की एक स्क्रू चिखलात, कपाशीत किंवा विहिरीत जातो. मग झाकणाला फट राहते आणि फटीतून आमचं गिऱ्हाईक आत येतं. म्हणून मी सांगितलं, सगळे स्क्रू एकाच मापाचे, साध्या टेस्टरनं फिरणारे, आणि कितीही ढिले केले तरी झाकणातच लटकून राहणारे पाहिजेत. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे नमुना आला तेव्हा खरोखरच चारही स्क्रू झाकणाला लटकलेले होते. मी ते झाकण संध्याकाळपर्यंत उघडून लावून, उघडून लावून बघत होतो. मंडळी म्हणाल्या, "काय लेकरासारखं चालवलंय."

कारखान्याचे मालक, त्यांना सगळे शेठजी म्हणत, या प्रकारावर फारसे खूश नव्हते. उघडणारी पेटी म्हणजे तक्रारींना दार उघडं, असं त्यांचं मत. त्यांनी मॅडमला एक हंगाम दिला. चाळीस पेट्या आमच्या भागात लावायच्या. तक्रारी आल्या नाहीत तर पुढे बघू, आल्या तर पुन्हा काळं रसायन आणि हा विषय कायमचा बंद. माझ्या ढिगातल्या टीव्हीच्या पाठी टेम्पोत चढल्या तेव्हा मला जरा गलबलून आलं. मंडळींनी मात्र पत्र्याच्या कडेला, रिकाम्या झालेल्या जागेत लगेच शेवग्याचं रोप लावलं.

पोळ्यानंतर पेट्या लागल्या. साखरखेर्डा, देऊळगाव राजा, आजूबाजूची खेडी. लावायला मी स्वतः गेलो, प्रत्येकाला टेस्टर घेऊन झाकण उघडायला लावलं. महिनाभर सगळं झकास.

मग ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि एका सोमवारी एक जण पेटी घेऊन दुकानात आला. "मिस्तरी, काल चालू होती." झाकण मधून खाली बसलं होतं, पोळपाटावर लाटताना मधेच पातळ झालेल्या पोळीसारखं. सर्किट ज्यावर बसतं तो आतला एक खांब वाकून ते कलंडलेलं. प्लास्टिक बोटाला चिकटत होतं. आणि तळाशी एका कोपऱ्यात वाटीसारखा गोल खड्डा पडला होता.

पेटी नाकाशी नेण्याची गरजच नव्हती. तो वास मी छत्तीस वर्षं ओळखतो.

डांबर गोळीचा वास टीव्हीच्या प्लास्टिकला खातो. बंद डब्यात, उन्हात, हळूहळू मऊ करतो. जुन्या पेट्या लोखंडी पत्र्याच्या होत्या, त्यांना गोळीनं काही व्हायचं नाही. आणि हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. फार पूर्वी एका बाईंनी छोटा टीव्ही साड्यांच्या कपाटात ठेवला होता, त्याच्या पाठीला असेच गोल खड्डे पडलेले मी पाहिले होते. तेव्हा मी हसलो होतो आणि विसरलो होतो. मॅडमनी मला विचारलं होतं, काय चुकू शकतं. मी स्क्रूवर व्याख्यान दिलं आणि स्वतःच्या शिक्क्याचा विचार केला नाही.

तेव्हाच मॅडमना फोन करायला हवा होता. मी केला नाही. मंगळवारी आणखी दोन पेट्या आल्या, बुधवारी तीन. मॅडमचा फोन आला, आवाज बसलेला. शेठजी म्हणत होते, कचऱ्यापासून केलेला डबा कचराच निघणार. "काका, दळताना काही मिसळलं गेलं असेल का? मी सगळं पुन्हा तपासतेय," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "बघू." छत्तीस वर्षांची अब्रू माणसाला किती हलकं करते ते मला त्या 'बघू'मध्ये कळलं. त्याची लाज अजून वाटते, म्हणून इथे लिहितोय.

गुरुवारी मॅडम स्वतः आल्या. साखरखेर्ड्याजवळच्या रुख्माबाईंनी निरोप पाठवला होता की त्यांची पेटी बंद पडायला आली आहे. रुख्माबाईंची मिरचीची शेडनेट. आमच्याकडे या जाळीच्या घरांत भाजीपाल्याचं बियाणं पिकवतात. सकाळी बाया एकेका फुलाला हातानं पराग लावतात, त्याला क्रॉसिंग म्हणतात. त्या दिवसांत ठिबकचं पाणी दोन दिवस चुकलं तरी फुलं गळतात आणि हंगाम जातो. आम्ही पोचलो तेव्हा रुख्माबाई कमरेवर हात ठेवून पेटीसमोर उभ्या होत्या.

मॅडमनी टेस्टरनं चारही स्क्रू ढिले केले. स्क्रू इमानदारीनं झाकणाला लटकले. आत, वाकलेल्या खांबाच्या पायाशी, कागदाची एक पुडी होती. मॅडमनी ती उलगडली. आत अर्धी झिजलेली डांबर गोळी. कागद म्हणजे माझं जुनं बिल, त्यावर माझा शिक्का.

"हे काय आहे मावशी?"

"गोळी हाय. पालीसाठी," रुख्माबाई म्हणाल्या. "मिस्तरीनंच सांगेल हाय. आमच्या सासऱ्याच्या टायमापासून ठेवून राह्यलो आम्ही."

मॅडमनी गोळी हुंगली, डब्याला पडलेल्या खड्ड्यावरून बोट फिरवलं, बोट चिकटलं. हुशार बाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "होय. त्यानंच झालं. प्लास्टिकचा दोष नाही, तुमचा तर नाहीच. माझा आहे."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं, काका?"

"सोमवारपासून."

 ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं होतं, मॅडम त्यावर जाऊन बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन दिवस त्या कारखान्यात एकट्या शेठजींचं ऐकून घेत होत्या, आणि ज्या माणसाला हे थांबवता येत होतं तो दुकानात बसून चहा पीत होता.

रुख्माबाईंना या सगळ्यात काही रस नव्हता. त्यांचं पाणी अडलं होतं. "आता मंग गोळी नाही ठेवायची तर पालीचं काय करायचं? ती तं रोज येते. आन् ह्या नव्या पेटीवर तं जास्तच येते."

"जास्त काऊन?" मी विचारलं.

"तुमी तो दिवा लावला ना वरतं, पांढरा. सांज झाली का चिलटं जमतात त्याच्यावर. चिलटं आले का पाल आलीच. खाऊन-पिऊन मंग आत जाऊन झोपते. तिले काऊन दोष द्यायचा? तुमीच तिले जेवाले बोलावून राह्यले."

मॅडमनी मान वर केली. तो झगझगीत दिवा शेठजींच्या हौसेचा. पेटी चालू आहे हे बांधावरून दिसावं म्हणून.

"दिवा काऊन पाह्यजे हो?" रुख्माबाईंनी विचारलं. "फोन लावला का पेटी सोताच तं सांगते, चालू हाय म्हणून. मंग दिव्यानं अजून कोणाले सांगाचं हाय?"

मॅडम आधी थोड्या हसल्या, मग खूपच हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मावशी, मी चार वर्षं शिकले, कॉलेजात आम्हाला एकानंही विचारलं नाही की दिवा कशाला पाहिजे." मग माझ्याकडे वळून, तितकं न हसता म्हणाल्या, "काका, शेठजींना तुम्ही सांगायचं. मी नाही."

दुसऱ्या सकाळी मी जालन्याची एसटी धरली. शेठजींच्या टेबलावर माझा शिक्का आणि रुख्माबाईंची पुडी ठेवली आणि सगळं सांगितलं, सोमवारसकट. शेठजींनी शिक्का उलटा करून वाचला. "म्हणजे आमची पेटी तुमच्या सल्ल्यानं मेली," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुम्हाला सल्लागार म्हणून आम्हीच घेतलं."

"तेही खरं."

त्यांनी शिक्का टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मिस्तरी, चार दिवसांत कारण सापडलं, हे कसं काय? काळं रसायन भरलेल्या पेट्या मी इतकी वर्षं परत घेतो, त्या कशानं गेल्या हे आजपर्यंत एकाही माणसानं मला सांगितलं नाही."

मी म्हणालो, "त्या उघडत नाहीत, शेठजी."

हे मी काही ठरवून बोललो नव्हतो. पण शेठजींनी लगेच मॅडमना आत बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. तासाभरानं मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल होती, त्यावरून मी समजलो की पेटी बंद होणार नाही, नव्यानं आखायची आहे.

नव्या पेटीत दिवा नाही. एक छोटं बटण आहे, दाबलं तरच बारीक लाल ठिपका दिसतो. एक भाग कमी, तेवढी वीजही कमी. वायर खालून आत जाते आणि भोकाला घट्ट रबर आहे. डबा टीव्हीच्या पाठींचाच आहे. झाकणाच्या आतून ठळक अक्षरात छापलंय, 'डांबर गोळी ठेवू नये.' खराब झालेले डबे पुन्हा दळायला गेले. रुख्माबाईंच्या मोटरीला मी त्याच गुरुवारी जुना लोखंडी स्टार्टर जोडून दिला होता, त्यांची फुलं वाचली. त्यांनी मला मिरच्या दिल्या आणि मॅडमना जास्त दिल्या. घरी येऊन मी माझा शिक्का ब्लेडनं खरवडला. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांना फिरून गोळ्या काढायला लावल्या. एका आजोबांनी गोळी काढून माझ्यासमोर कापराची वडी ठेवली, तीही काढायला लावली. "मंग काय ठेवू?" म्हणाले. काहीच ठेवू नका, हे पटवायला मला अर्धा दिवस लागला.

आता दुकान बंद करून दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, धामणगाव बढ्याला गेलो होतो. आमच्यापासून लांब, मोताळा तालुक्यात, तिथे मला कोणी ओळखत नाही. जेवणं झाल्यावर मुलीचे आजोबा मला शेत दाखवायला घेऊन गेले. विहिरीच्या भिंतीवर आमची पेटी होती.

मी खिशातून टेस्टर काढला. साक्षगंधाच्या कपड्यांतही माझ्या खिशात टेस्टर असतो, यावरून घरी बोलणी खाऊन झाली आहेत.

"काही बिघाड हाय काय?" आजोबांनी विचारलं.

"नाही, सहज बघतो."

झाकण उघडलं. पाल नाही, मुंगी नाही, गोळी नाही. पण मधल्या तुकड्यावर एका ठिकाणी नवी झाळ दिसली. सोल्डर जरा जास्तच ओतलेलं, बोराएवढा गोळा. कारखान्याचं काम नव्हे, आणि माझं तर नव्हेच.

"हे कोणी केलं?"

"आमच्या गावातली एक सून हाय, मोबाईल दुरुस्त करते. उन्हाळ्यात बंद पडली होती पेटी. तिनं म्हणलं, फेकू नका, उघडून पाहू. तवापासून चालू हाय."

मला आधी तो गोळा नीट करावासा वाटला. खरं सांगतो, बोटं शिवशिवली. थोडा हेवाही वाटला. माझ्या पेटीला कोणा परक्याचा हात लागला होता, माझ्या नजरेआड, मला न विचारता, आणि पेटी चालली होती. मग लक्षात आलं की मी इतकी वर्षं नेमकं हेच मागत होतो. डोळ्यांत पाणी आलं ते मी विहिरीकडे बघण्याच्या निमित्तानं लपवलं. त्या सुनेला मी पाहिलेलं नाही, तिला माझं नावही माहीत नाही.

आजोबांनी फोन लावला. पेटी म्हणाली, "मोटर चालू आहे." मी झाकण लावलं. चारही स्क्रू जागेवर होते.